अन्न अंगीं कसें लागतें?

“खातो पोटभर, पण अंगीं कांहीं लागत नाहीं,” असें आपल्या लेकराविषयीं बोलणारी आई कुही तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं भेटेल. एकाच चुलीवरची भाकरी, एकाच भांड्यांतलें वरण, आणि एकाच पंक्तीस बसलेलीं दोन भावंडें. पण एक अंगानें भरतें आणि दुसरें काडीसारखें राहतें. अशा वेळीं कोणी म्हणतात दृष्ट लागली, कोणी म्हणतात त्याची प्रकृतीच तशी. आणि थोडें शिकलेले लोक म्हणतात कीं, हें आनुवंशिक आहे, याला इलाज नाहीं. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, असा या सर्व बोलण्याचा मथितार्थ असतो. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा शास्त्रीय दृष्टीनें विचार करावयाचा आहे. आडांत पाणी पुष्कळ असूनहि पोहरा रिकामा कां येतो, आणि तो पुन्हां भरण्याचा कांहीं उपाय आपल्या हातीं आहे काय, हें पाहणें हाच या लेखाचा हेतु होय.

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. अन्न गिळलें म्हणजे तें शरीरांत गेलें, असें आपण समजतों. वस्तुतः तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग हा शरीरांतून आरपार गेलेला एक बोगदा आहे. बोगद्यांतून जाणारी आगगाडी जशी डोंगराच्या मातींत शिरत नाहीं, तसें या मार्गांतील अन्न अद्याप रक्तांत शिरलेलें नसतें. पोटांतील व आंतड्यांतील रसांनीं त्याचें पचन होऊन बारीक कण झाले, म्हणजे ते लहान आंतड्याच्या अस्तरांतून पलीकडे जातात. अन्न अंगीं लागतें तें येथें. या सीमेवर जर माल अडला, तर ताटांत पंचपक्वान्नें असलीं तरी त्यांचा उपयोग नाहीं.

हें अस्तर मोठें विलक्षण आहे. लहान आंतड्याची लांबी सुमारें सहा मीटर. त्याच्या आंतील बाजूस वळ्या आहेत, वळ्यांवर मखमलीच्या लवेप्रमाणें उभे असलेले रसांकुर आहेत, आणि रसांकुरांवरील पेशींना त्याहूनहि सूक्ष्म अशी लव आहे. यामुळें त्याचा पृष्ठभाग पुष्कळ पटींनीं वाढतो. जुन्या पुस्तकांत तो टेनिसच्या मैदानाएवढा असल्याचें लिहीत. २०१४ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं केलेल्या मोजणींत संपूर्ण अन्नमार्गाचा पृष्ठभाग सरासरी ३२ चौरस मीटर, म्हणजे शाळेंतील एखाद्या वर्गाच्या खोलीएवढा भरला. एवढ्या जागेवर पेशींचा केवळ एकच थर पसरलेला असतो. त्याच्या एका बाजूस अन्न व असंख्य जंतु, दुसऱ्या बाजूस रक्त, आणि मध्यें ही एका पेशीच्या जाडीची भिंत!

ही भिंत कायमची बांधलेलीहि नाहीं. रसांकुरांच्या तळाशीं बारीक विवरें असतात. त्यांतील मूळपेशी दुभंगून नव्या पेशी उत्पन्न होतात, त्या हळूहळू वर चढतात, आणि तीन ते पांच दिवसांत शेंड्यास पोंचून गळून पडतात. या सोमवारीं जें अस्तर आहे, त्यांतील बहुतेक पेशी पुढच्या सोमवारीं नसतात. प्रत्येक नव्या पेशीस आपलें काम चटकन् उचलावें लागतें. कोणी अन्नरस शोषून घेतें. कोणी बुळबुळीत श्लेष्मा स्रवून भिंतीवर लेप देतें. विवरांच्या तळाशीं असलेल्या पानेथ नांवाच्या पेशी जंतुनाशक द्रव्यें तयार करून पहारा करितात. कामें अशीं भिन्न, पण या सर्व पेशी एकाच मूळपेशीची संतति. आणि प्रत्येकीच्या पोटांत जनुकांचा संच अगदीं एकच. मग कामांत भेद कां? आणि तीच पेशी एके काळीं एक काम जोरानें करिते व दुसऱ्या काळीं तें सोडून देते, हें कां?

या प्रश्नाचें पहिलें मार्मिक उत्तर आंतड्यांतल्याच एका जंतूनें दिलें. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनीं १८८५ सालीं लहान मुलांच्या मळांत एक जंतु पाहिला. पुढें त्यांच्याच नांवानें तो एशेरिखिया कोलाय म्हणून प्रसिद्धीस आला. या जंतूस दुधांतील साखर पचवितां येते. परंतु ती पचविणारें विकर, म्हणजे ज्यास आपण एन्झाइम म्हणतों तें, तो सदासर्वदा तयार करीत बसत नाहीं. साखर समोर आली म्हणजे तयार करितो, ती संपली म्हणजे थांबवितो. पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतील फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनीं १९६१ सालीं याचें रहस्य उलगडलें. जनुक म्हणजे नुसता लेख. तो वाचावयाचा कीं नाहीं, हें ठरविणारी यंत्रणा निराळी असते. एक प्रथिन त्या लेखावर बसून तो झांकून ठेवतें, आणि साखरेचा अंश येऊन मिळतांच बाजूस सरतें. या शोधाबद्दल त्या दोघांस, आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, १९६५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां जंतूवरून माणसाकडे वळूं. दुधांतील तीच साखर पचविण्याचें लॅक्टेज नांवाचें विकर आपल्या लहान आंतड्याच्या शोषक पेशी तयार करितात. तान्ह्या मुलांत तें भरपूर असतें. कारण दूध हेंच त्यांचें अन्न. पण अंगावरचें पिणें सुटल्यावर जगांतील बहुसंख्य माणसांत तें हळूहळू कमी होतें. येथें जंतूचा नियम लागू पडत नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दूध पीत राहिल्यानें हें विकर टिकून राहतें असें नाहीं. कांहीं माणसांत मात्र तें जन्मभर टिकतें. असें कां होतें याचा शोध २००२ सालीं फिनलंडमधील संशोधकांस लागला. लॅक्टेजच्या जनुकापासून सुमारें १४,००० अक्षरें दूर, शेजारच्या दुसऱ्याच जनुकाच्या आंत, एका अक्षराचा फरक असला म्हणजे लॅक्टेजचें काम प्रौढपणींहि चालू राहतें. जनुक दोघांचेंहि धडधाकट. फरक आहे तो त्याच्या कळीमध्यें.

भारताच्या निरनिराळ्या भागांतील दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासून २०१२ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, युरोपांत आढळणारा हाच अक्षरभेद आपल्याकडेहि आहे, व दोहोंचें मूळ एकच आहे. वायव्येकडे त्याचें प्रमाण अधिक, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे यावें तसतसें तें कमी होत जातें. म्हणून आपल्या वर्गांतील एखाद्या मुलास पेलाभर दूध प्यायल्यावर पोट फुगण्याचा त्रास होत असेल, तर तें त्याचें ढोंग नव्हे व रोगहि नव्हे. त्याच्या अस्तरांतील एक पान वयोमानानें मिटलें आहे, एवढेंच. दही किंवा ताक त्यास सहसा बाधत नाहीं. कारण विरजणांतील जंतूंनीं कांहीं साखर आधींच खाल्लेली असते, व त्यांच्याजवळचें विकर उरलेली साखर फोडण्यास पोटांतहि मदत करितें. आपल्या आजीबाईंनीं प्रयोगशाळेवांचून शोधलेला हा तोडगा आहे.

पान मिटतें म्हणजे काय होतें, तें आतां पाहूं. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकांत डी.एन.ए. नांवाचा जो धागा असतो, तो सरळ केला तर सुमारें दोन मीटर भरतो. आणि केंद्रक तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि लहान. एवढ्या धाग्यावर प्रथिनें कशीं बनवावीं हें सांगणारीं सुमारें २०,००० जनुकें लिहिलेलीं आहेत. जुन्या तलाठ्याच्या कचेरींतील दप्तर डोळ्यांपुढें आणा. गांवच्या साऱ्या जमिनींची नोंद तेथें असे, पण ती बस्त्यांत गुंडाळून, वर गांठ मारून फडताळांत ठेवलेली. ज्या शेताचा उतारा हवा त्याचाच बस्ता सोडावयाचा; बाकीचे बांधलेले. पेशींतहि असेंच आहे. हिस्टोन नांवाच्या प्रथिनांचीं बारीक रिळें असतात, आणि धागा त्यांभोंवतीं गुंडाळलेला असतो. एका रिळाभोंवतीं धाग्याचीं १४७ अक्षरें बसतात. हिस्टोनांवर धन विद्युद्भार, धाग्यावर ऋण; म्हणून ते एकमेकांस घट्ट धरून राहतात. अशा घट्ट गुंडाळलेल्या भागांतील लेख वाचतां येत नाहीं.

या रिळांच्या बाहेर हिस्टोनांचीं शेपटें निघालेलीं असतात. त्यांवर ॲसिटिल नांवाचा एक छोटा अणुसमूह चिकटला म्हणजे धन विद्युद्भार नाहींसा होतो, पकड सैल पडते, आणि लेख वाचण्यास मोकळा होतो. तो काढून टाकला कीं पकड पुन्हां घट्ट होते. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत व्हिन्सेंट ऑलफ्री व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालींच असें सुचविलें होतें कीं, जनुकांच्या कामाचा या ॲसिटिलशीं संबंध असावा. पण तो चिकटविणारे व काढणारे हात कोणते, हें स्पष्टपणें कळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. ते हात म्हणजे विकरेंच होत.

आपण शाळेंत विकरें शिकतों तीं बहुधा पचनाचीं. लाळेंतलें, जठरांतलें, स्वादुपिंडांतलें. हीं मात्र अन्नास हातहि लावीत नाहींत. हीं कारकुनी विकरें आहेत. बस्ता सोडणें आणि बांधणें हेंच त्यांचें काम. सोडणाऱ्यांना हिस्टोन ॲसिटिलट्रान्स्फरेज व बांधणाऱ्यांना हिस्टोन डिॲसिटिलेज अशीं लांबलचक नांवें आहेत. बांधणारीं विकरें माणसांत १८ आहेत. याशिवाय मिथिल नांवाची खूण थेट धाग्यावरच उमटविणारीं दुसरीं विकरें असतात. ज्यांचें लॅक्टेज मोठेपणीं बंद पडतें, त्यांच्या आंतड्यांतील पेशींत वयाबरोबर अशा खुणा वाढून तें पान मिटत जातें, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

बांधणाऱ्या विकरांपैकीं तिसऱ्या क्रमांकाच्या विकराचा आंतड्याच्या अस्तराशीं फार जवळचा संबंध आहे. २०१३ सालीं अमेरिकन संशोधकांनीं असे उंदीर तयार केले कीं, ज्यांच्या आंतड्याच्या अस्तरांतून तेवढें हें एकच विकर नाहींसें केलें होतें. परिणाम असा झाला कीं, पहारा करणाऱ्या पानेथ पेशी नाहींशा होऊं लागल्या, भिंत कमकुवत झाली, आणि आंतड्यांतील जंतूंची वस्तीहि बदलली. परंतु खरी नवलाची गोष्ट पुढेंच आहे. तसेच उंदीर जेव्हां पूर्णपणें जंतुरहित जागेंत वाढविले, तेव्हां त्यांचीं आंतडीं पुष्कळ अंशीं सुधारलेलीं आढळलीं. यावरून असें दिसतें कीं, हें विकर एकट्यानें कारभार करीत नाहीं. आंतड्यांत राहणारे जंतु आणि आपलीं जनुकें यांच्यामधला तो दुभाषी आहे. जंतूंची भाषा ऐकून कोणतें पान सोडावयाचें व कोणतें बांधावयाचें, हें तें ठरवितें.

मग जंतु त्याच्याशीं बोलतात तरी कसे? येथें आपल्या ताटाचा संबंध येतो. धान्याचा कोंडा, डाळीचीं टरफलें, भाज्यांच्या शिरा हा चोथा आपल्या पाचकरसांस दाद देत नाहीं. तो मोठ्या आंतड्यांत जातो, आणि तेथील जंतु त्यास आंबवितात. त्यापासून जीं आम्लें निघतात त्यांत ब्युटिरिक आम्ल हें एक. खवट लोण्यास जो उग्र वास येतो तो याचाच. नांवहि युरोपीय भाषांतील लोण्याच्या शब्दावरूनच पडलें आहे. मोठ्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें तें मुख्य इंधन. पण तें नुसतें इंधन नव्हे. बांधणाऱ्या विकरांस तें आवरून धरतें, व त्यामुळें कित्येक बस्ते सुटतात, हें १९७७ व १९७८ या दोन वर्षांत झालेल्या प्रयोगांवरून कळून आलें.

त्याच कोंड्यांत फायटिक आम्ल नांवाचें दुसरें एक द्रव्य असतें. धान्याच्या दाण्यांत स्फुरद सांठवून ठेवण्याची ती निसर्गाची युक्ति होय. सिनसिनाटी येथील संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें कीं, आंतड्यांतील जंतु या आम्लाचे तुकडे करितात, आणि त्यांतून निघणारा एक तुकडा वर सांगितलेल्या तिसऱ्या विकरास उलट चेतवितो. असा तुकडा मिळाल्यावर उंदरांच्या दुखावलेल्या आंतड्याचें अस्तर लवकर भरून आलें. आणि माणसाच्या आंतड्यांतील पेशींपासून प्रयोगशाळेंत वाढविलेल्या सूक्ष्म गोळ्यांची वाढहि जोमानें झाली. म्हणजे एकाच भाकरींतून एक द्रव्य लगाम खेंचणारें, तर दुसरें टांच मारणारें! घोडा नीट चालावयाचा तर दोन्ही हवींत. आणि दोन्ही मिळतात तीं कोंड्यांतून.

या कारभारास वेळापत्रकहि आहे. धरणाचे दरवाजे कोणत्या वेळीं किती उघडावयाचे हें जसें ठरलेलें असतें, तसेंच आंतड्याच्या अस्तराचें आहे; तें दिवसाचे चोवीसहि तास सारखेंच शोषण करीत नाहीं. टेक्सासमधील डॅलस येथील संशोधकांनीं २०१९ सालीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, हेंच तिसरें विकर दिवस व रात्र यांच्या तालावर कमीअधिक होतें, आणि त्याबरोबर अन्न व स्निग्ध पदार्थ शोषून घेणारीं जनुकें उघडतात व मिटतात. हा ताल धरून देतात ते आंतड्यांतील जंतु. जंतुरहित उंदरांत तो बिघडलेला दिसला. आणखी एक गंमत अशी कीं, चरबी आंत घेणाऱ्या एका जनुकाच्या बाबतींत हें बांधणारें विकर उलट उघडणाऱ्यांस हात देतें. आणि ज्या उंदरांच्या आंतड्यांत तें नव्हतें, ते तुपाळ खाऊनहि फारसे लठ्ठ झाले नाहींत. अर्थात् उंदीर निशाचर, माणूस दिनचर. उंदरावरचे आंकडे माणसास जसेच्या तसे लावतां येणार नाहींत. तथापि अन्न काय खावें याबरोबर तें केव्हां खावें हाहि प्रश्न पेशींपर्यंत पोंचतो, एवढें यावरून समजतें.

आतां आपल्या आंतड्यांत वस्ती तरी कोणाची आहे, हें पाहणें अगत्याचें आहे. पुणें येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांतील डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विषयावर पुष्कळ काम केलें. एकाच छपराखालीं राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबांतील माणसांचे जंतु त्यांनीं तपासले; घर एक व चूल एक असूनहि वयाप्रमाणें जंतूंच्या वस्तींत फरक पडतो, असें त्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. २०१६ सालीं त्यांनीं भारतीयांच्या आंतड्यांतील जंतूंची इतर देशांतील लोकांच्या जंतूंशीं तुलना केली. तींत आपल्याकडे प्रिव्होटेला व मेगास्फेरा या दोन जातींचें प्रमाण विशेष आढळलें. प्रिव्होटेला ही धान्य, कडधान्य व चोथा यांवर पोसणारी जाति म्हणून ओळखली जाते. आपल्या पूर्वजांनीं पिढ्यान्पिढ्या जें खाल्लें, त्याला साजेसेच हे भाडेकरू आहेत.

भाडेकरूंस अन्न मिळालें नाहीं, तर ते कांहीं फार काळ राहणार नाहींत. आपल्या भागांत ज्वारीची भाकरी आणि वैनगंगेच्या बाजूस भात, हें पूर्वापार जेवण. ज्वारीचें पीठ न चाळतां थापलेल्या भाकरींत कोंडा सगळा राहतो. भात उखळांत सडला तर कोंड्याचा थर बराच शिल्लक राहतो. गिरणींत पांढराशुभ्र केला म्हणजे फायटिक आम्ल व चोथा यांचा मोठा हिस्सा कोंड्याबरोबर गुरांच्या गव्हाणींत जातो. मैद्याचीं बिस्किटें व पाव यांचीहि हीच कथा. पांढरें तें प्रतिष्ठित आणि काळेसांवळें तें गरिबाचें, ही समजूत आपल्यांत खोल रुजली आहे. डब्यांतली भाकरी लपवून खाणारें मूल जोपर्यंत शाळेंत दिसतें, तोपर्यंत या समजुतीविरुद्ध बोललें पाहिजे.

मात्र एका बाजूचें सांगून दुसरी लपविणें शास्त्राच्या विद्यार्थ्यास शोभत नाहीं. हेंच फायटिक आम्ल अन्नांतील लोह व जस्त धरून ठेवतें, आणि तें रक्तांत जाऊं देत नाहीं. नुसत्या जाड्याभरड्या धान्यावर राहणाऱ्या मुलांस यामुळें तोटा होतो. त्याचा उपाय कोंडा टाकून देणें हा नव्हे. कडधान्यें भिजवून मोड आणले, पीठ आंबवून आंबील केली, म्हणजे या आम्लाचा बराच भाग फुटतो. जेवणाबरोबर लिंबाची फोड, आंवळा किंवा हिरवी मिरची असली, तर त्यांतील क जीवनसत्त्वामुळें लोह अंगीं लागण्यास मदत होते. आंबिलीची वाटी आणि लिंबाची फोड यांस गरीब घरींहि फार पैसे पडत नाहींत.

तरी पहिला प्रश्न अजून पुरता सुटला नाहीं. दोन भावंडें एकच अन्न खातात, मग एकाच्याच अंगीं तें कां लागत नाहीं? याची कारणें अनेक असूं शकतात. जंत, क्षय किंवा दुसरा एखादा आजार वैद्यानें पाहिल्याशिवाय कळणार नाहीं. परंतु एक कारण असें आहे कीं, तें डोळ्यांस दिसत नाहीं आणि गांवोगांव असतें. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सेल्विन बेकर व डॉ. व्ही. आय. मॅथन यांनीं दक्षिण भारतांतील लोकांच्या आंतड्यांचा अनेक वर्षें अभ्यास केला. त्यांस असें आढळलें कीं, वरवर निरोगी दिसणाऱ्या पुष्कळ लोकांचे रसांकुर आंखूड व बोथट झालेले असतात, आणि त्यांची शोषणशक्ति कमी झालेली असते. याच सुमारास, १९६६ सालीं, पाकिस्तानांत काम करण्यास आलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या आंतड्यांतहि तसाच बिघाड प्रसिद्ध झाला. हे लोक धडधाकट शरीराचे व सुखवस्तु घरचे; आणि त्यांच्यासारखे लोक मायदेशीं परतल्यावर कांहीं महिन्यांनीं रसांकुर पुन्हां वाढूं लागले, असें पुढें दिसून आलें.

या एका गोष्टींत आपल्या प्रश्नाचें मोठें उत्तर आहे. बिघाड जर केवळ जन्मजात असता, तर गांव बदलल्यानें तो सुधारला नसता. दूषित पाण्यांतून व मळलेल्या हातांतून रोज थोडेथोडे उपद्रवी जंतु पोटांत गेले, म्हणजे जुलाब झाले नाहींत तरी अस्तर सतत सुजलेलें राहतें, रसांकुर खुरटतात, पेशी शोषणाचीं पानें मिटून बचावाचीं पानें उघडून बसतात. चोर फिरतात अशा गांवांत शेतकरी नांगर सोडून रात्रंदिवस राखणच करीत बसला, तर पीक कोठून यावें? रांगणारें मूल अंगणांतली माती व कोंबड्यांची घाण हातानें तोंडांत घालतें. त्याच्याहून दोन वर्षांनीं मोठें भावंड तें करीत नाहीं. एकाच घरांत फरक पडण्यास एवढें कारणहि पुरेसें असतें. पावसाळ्यांत विहिरीचें पाणी गढूळ झालें असतां तें न उकळतां पिणें, शौचाहून येऊन हात साबणानें न धुणें, या लहान गोष्टी नव्हेत. त्यांची वार्ता थेट केंद्रकांतल्या कारकुनापर्यंत जाते.

तात्पर्य, जनुकें हीं कपाळावर लिहिलेली रेघ नव्हे. तीं दप्तरांत असतात खरीं. पण कोणता बस्ता सुटावा आणि कोणता बांधलेला राहावा, हें ठरविणारीं विकरें आपल्या पाण्याकडे, आपल्या भाकरीकडे, आपल्या जेवणाच्या वेळेकडे आणि आपल्या पोटांतील जंतूंकडे पाहून काम करितात. वर सांगितलेल्या संशोधनांपैकीं कांहीं उंदरांवरचीं आहेत, व त्यांवरून माणसाकरितां औषधाच्या गोळ्या लिहून देण्याचा हा प्रसंग नव्हे. परंतु जें आजच खात्रीनें करण्याजोगें आहे, तें करण्यास औषधाची गरजहि नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं लहान भाऊ-बहिणी आहेत. त्यांच्या पिण्याचें पाणी गाळून उकळलें जातें कीं नाहीं, जेवणापूर्वीं त्यांचे हात धुतले जातात कीं नाहीं, हें पाहण्याचें काम तुम्हीं आपल्याकडे घ्यावें. भाकरी व मोडाची उसळ त्यांच्यासमोर आवडीनें खावी, म्हणजे तींहि खातील. आणि कोणी आईला असें म्हणेल कीं, “तुझ्या लेकराची जातच अशी, त्याच्या अंगीं कांहीं लागावयाचें नाहीं,” तर त्यास नम्रपणें सांगावें कीं, आंतड्याचें अस्तर दर पांच दिवसांनीं नवें होतें. बोथट झालेले रसांकुर वाढण्यास महिने लागतील; पण त्यांची सुरुवात कोणत्याहि दिवशीं करतां येते.